सायकलचं ‘पोर्ट केलेलं ८० सीसी’ इंजिन घेताय? ‘आधी रन-इन कर, मग बोल’ म्हणणाऱ्यापासून सांभाळा

सायकलला छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवून फिरवायचा ज्यांना नाद आहे, आणि त्यातही जे सध्या कोणाकडून तरी तयार ‘पोर्ट केलेलं, बॅलन्स केलेलं’ इंजिन घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. लांबलंय, पण ज्या पद्धतीने मला गंडवलं ती पद्धत नीट सांगितल्याशिवाय उपयोग नाही, कारण खराब माल तर कुठेही मिळतो, इथे खराब माल परत करताच येऊ नये अशी व्यवस्था आधीपासून केलेली होती.

साधं किट घेतलं की काय येतं ते माहितीये सगळ्यांना. इंजिन, कार्बोरेटर, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारी डबी), टाकी, सायलेन्सर, चेन, मागच्या चाकाला आऱ्यांवर रबराच्या चकत्यांनी आवळायचं ४४ दातांचं स्प्रॉकेट, क्लचची मूठ. हे मी आधी बसवलेलं आहे, चालवलेलं आहे. यावेळी जरा चांगलं इंजिन हवं होतं, ज्याचे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली, मिश्रण आत आणि धूर बाहेर नेणारी भोकं) कोणीतरी जाणकाराने हाताने साफ केलेत, क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा दांडा) बॅलन्स केलाय म्हणजे हाताला मुंग्या येणार नाहीत. असं काम करून विकणारी माणसं आहेत आणि त्यातली काही खरंच मन लावून काम करतात, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

हा जो विकणारा मला भेटला तो बोलायला एकदम साळसूद. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. कार्बोरेटरमधला जेट (पेट्रोल किती जावं ते ठरवणारं बारीक भोक) कुठला टाकू, प्लगचा गॅप किती ठेवू, सगळं सांगायचा. जाहिरातीत लिहिलेलं, ८० सीसी, पोर्टिंग केलेलं, बॅलन्स्ड क्रँक, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) १५० पीएसआय, ताशी ८० किलोमीटर. कॉम्प्रेशनचा व्हिडिओ पाठवला, वेगाचा व्हिडिओ पाठवला, इंजिनाचे चारी बाजूंनी फोटो पाठवले. मी विचारलं बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा आतला व्यास आणि पिस्टनची धाव) किती, तर म्हणाला, “भाऊ, ते कंपनीचं ८० चंच आहे, निवांत राहा.”

इंजिन आलं. बाहेरून चकाचक, काळा रंग, हेडच्या चारही नटांवर लाल रंगाचा टिपका आणि सिलिंडर-हेडच्या जोडावर एक छोटा स्टिकर. सोबत चिठ्ठी: सील तुटलं तर वॉरंटी नाही. आणि वर त्याचा मेसेज, की आधी १६ ला १ ऑइल मिक्सवर (१६ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) दोनतीन टाक्या हळूहळू चालव, रन-इन (नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवणं) होऊ दे, रिंग (पिस्टनभोवतीचं कडं) बसू दे, तोपर्यंत पॉवरबद्दल काही मत बनवू नको, आणि काही झालं तरी हेड उघडू नको.

ऐकायला हे एकदम बरोबर वाटतं, कारण रन-इन लागतंच. नव्या रिंगा सिलिंडरला बसायला वेळ लागतो आणि किटसोबतच्या कागदावरही सुरुवातीला ऑइल जास्त ठेवायला सांगितलेलं असतं. म्हणूनच हा डाव इतका बेमालूम आहे. खरी गोष्ट घेऊन तिच्याआड लपायचं. मी पेमेंट ज्या सेवेतून केलं होतं तिथे तक्रार करायला ठराविक मुदत असते, आणि हळूहळू दोनतीन टाक्या जाळायच्या म्हणजे सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं फिरवणाऱ्या माणसाची ती मुदत आरामात निघून जाते. मी मधे दोनदा तरी लिहिलं की इंजिन ओढत नाहीये, चढावर मरतंय, आणि मूठ इतकी थरथरते की बोटं बधिर होतात. दोन्ही वेळा तेच उत्तर, रन-इन पूर्ण होऊ दे, मग सुटेल बघ. मुदत संपली आणि त्यानंतर त्याच्या बोलण्याचा सूरच बदलला.

मग एके दिवशी सपाट रस्त्यावर, वेग फार नव्हता, इंजिनातून टक्क असा आवाज आला आणि मागचं चाक एकदम आवळलं गेलं. या सायकलींना गिअरबॉक्स नसतो, क्लच सोडलेला असला की इंजिन चेनने थेट मागच्या चाकाला जोडलेलं, त्यामुळे इंजिन अडकलं की चाक अडकतं. डावा हात क्लचवर होता म्हणून लगेच दाबला गेला आणि चाक मोकळं झालं. मागून गाडी येत असती तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. पैशाचं दुःख आहेच पण खरा राग मला याचा आहे, की जो माणूस असं इंजिन देतो त्याला पक्कं माहीत असतं की त्यावर कोणीतरी बसून रस्त्यावर जाणार आहे.

त्याला कळवलं. पाच मिनिटांत उत्तर, “ऑइल कमी टाकलंस. सीझ केलंस इंजिन.” (सीझ म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये आवळून अडकणं.) फोटो नाही बघितला, काही विचारलं नाही, खापर थेट माझ्यावर.

मग मी ते लाल टिपके फोडले आणि उघडलं, प्रत्येक पायरीला फोटो काढत. आता हे जरा सविस्तर सांगतो कारण ऑइल कमी पडून सीझ झालेलं इंजिन आणि पोर्टवर रिंग अडकून मोडलेलं इंजिन यातला फरक डोळ्यांनी दिसतो, आणि हे ज्याला माहीत आहे त्याच्यावर असं खापर फोडता येत नाही. ऑइल कमी पडलं की पिस्टनच्या खालच्या भागावर, बहुतेक एक्झॉस्टच्या (धूर बाहेर जाण्याच्या) बाजूला जास्त, उभे ओरखडे पडतात, ॲल्युमिनियम फासल्यासारखं सिलिंडरला चिकटतं, कनेक्टिंग रॉडचं टोक आणि तिथलं नीडल बेअरिंग तापून निळसर पडतं. माझ्या पिस्टनचा खालचा भाग गुळगुळीत होता. बेअरिंग चांदीसारखं चकचकीत आणि ऑइलने ओलं. प्लग तपकिरी, उलट जरा जास्तच तेलकट. मोडली होती ती वरची रिंग, एका टोकाला, आणि तिचा तुकडा हेडवर आपटून पिस्टनच्या डोक्यावर बारीक बारीक खड्डे पडले होते.

आणि एक्झॉस्ट पोर्ट. बोट आत घालून कडेवर फिरवलं तर नखाला धार लागली. पोर्ट मोठा केला की त्याची कड बारीक गोलसर घासून घ्यावी लागते, कारण रिंग पोर्टसमोरून जाताना बाहेरच्या बाजूला थोडी फुगते आणि कड धारदार असेल तर तिथे अडकते. पोर्टिंगमधलं हे पहिलं काम. याने ग्राइंडर घातला, भोक रुंद केलं आणि कड तशीच सोडून दिली, तीही एका बाजूला जास्त खाल्लेली, आणि त्या कोपऱ्यात रिंगचं टोक लागलेली जखम स्पष्ट दिसत होती. बोअरच्या आतलं कोटिंग पोर्टच्या खालच्या अंगाला पापुद्र्यासारखं उडालेलं. म्हणजे इंजिन रन-इनने सुधारणार नव्हतंच, ते पहिल्या दिवसापासून रिंगच्या वाटेवर पातं लावून बसलं होतं.

मग व्हर्नियर लावला. बोअर ४७ मिमी, स्ट्रोक ३८ मिमी. गुणाकार केला तर ६६ सीसी होतात. आता हे खरंय की या इंजिनांना ८० सीसी म्हणून विकायची बाजारात पडलेली रीत आहे आणि बरेच जण ते प्रामाणिकपणे ‘नावाला ८०’ असं सांगतात. ४० मिमी स्ट्रोकवालंही मिळतं, तेही ४७ च्या बोअरला ६९ च्या आसपासच जातं. पण याने विचारल्यावर छातीठोकपणे ८० सांगितलं होतं. ३८ च्या स्ट्रोकला ८० सीसी करायचे तर बोअर जवळजवळ ५२ मिमी लागेल, ते या सिलिंडरच्या भिंतीत मावतच नाही.

सिलिंडर काढल्यावर वरून क्रँक फिरवून बघितला. बॅलन्सिंगसाठी एक भोक नाही, कुठे घासल्याची खूण नाही, कारखान्यातून आला तसाच. क्लचचं कव्हर काढलं तर त्या फुलासारख्या नटाच्या स्क्रूवर निळ्या थ्रेडलॉकचे (स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावायच्या गोंदाचे) वाळलेले कण, आणि कव्हरच्या आतून कोणीतरी टोकदार हत्याराने कोरलेली फुलीसारखी खूण. किटमध्ये थ्रेडलॉक लावून येत नाही. म्हणजे हे इंजिन माझ्याआधी कोणीतरी उघडलेलं, निगुतीने परत जोडलेलं, आणि नंतर ते फिरून याच्याकडे आलेलं. याने वरून रंग मारला, टिपके लावले आणि नवं म्हणून मला दिलं. मग मी जाहिरातीतले फोटो परत काढून मोठे करून पाहिले. फोटोतल्या इंजिनाला इनटेकच्या (कार्बोरेटर लागतो त्या तोंडाच्या) शेजारी ओतकामात राहिलेला एक छोटा खड्डा आहे. माझ्या इंजिनाला तो नाही. फोटोतलं इंजिनच वेगळं.

व्हिडिओंचं पण सांगतो. कॉम्प्रेशन टेस्टच्या आधी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल ओतलं की ते रिंगांभोवती जागा बुजवतं आणि झिजलेल्या इंजिनाचाही काटा वर चढतो. गॅरेजवाले हे रिंगा गेल्या की नाही ते तपासायला मुद्दाम करतात. त्याच्या व्हिडिओत गेज लावल्यापासूनच शूटिंग सुरू होतं, त्याआधीचं काही नाही. इंजिन मोडायच्या आधी मी माझ्या गेजवर कोरडं तपासलं होतं तेव्हा काटा शंभराच्या खूप खाली थांबला होता, तेव्हाही उत्तर तेच, रिंगा बसू दे.

वेगाचा तर हिशोबच लागत नाही, आणि हा हिशोब प्रत्येकाने घरी करावा असा आहे. या इंजिनात आतला गिअर ४.१ ला १, पुढे १० दात, मागे ४४, म्हणजे एकूण साधारण १८ ला १. २६ इंची चाक एका फेऱ्यात २ मीटर ७ सेंटिमीटरच्या आसपास जातं. इंजिन मिनिटाला ५००० फिरलं तर सायकल ताशी ३४ किलोमीटर जाते. ताशी ८० ला त्याच स्प्रॉकेटवर ११ हजारांच्या वर फिरावं लागेल, कारखान्यातून आलेल्या या क्रँककडून ते होत नाही. मग मीटरवर ८० दिसलं कसं? मीटरमध्ये चाकाचा घेर आपण भरतो. २६ च्या चाकाला २९ चा घेर भरला की दर ४० ला ४४ दाखवतो, त्याहून मोठा आकडा भरला की अजून जास्त. व्हिडिओत जीपीएस कुठेच नव्हतं.

हे सगळं फोटोंसकट त्याला पाठवलं. आधी म्हणाला सील तोडलंस, वॉरंटी संपली. मग म्हणाला इंजिन रेसिंगसाठी होतं, रेसिंगच्या मालाला वॉरंटी नसतेच, जे जाहिरातीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. मग म्हणाला तुझ्या खर्चाने परत पाठव, बघतो. नाही पाठवलं, कारण पाठवलं असतं तर पुरावाही गेला असता आणि त्यावर परत काळा रंग चढून ते पुढच्या कोणाच्या तरी सायकलला लागलं असतं. शेवटी उडवाउडवी संपली आणि त्याने मला ब्लॉक केलं. पेमेंट सेवेने मुदत संपली म्हणून हात वर केले. पैसे गेले ते गेले.

आता जे कोणी असं इंजिन मागवणार आहात त्यांना हात जोडून सांगतो. आल्या दिवशी, पेट्रोल घालायच्या आधी, हेड उघडा. चार नट आहेत फक्त, एक गॅस्केट बदलायला लागेल एवढंच. बोअर मोजा, पिस्टन वरून खाली नेऊन स्ट्रोक मोजा, एक्झॉस्टच्या कडेवर नख फिरवा, क्लच कव्हरच्या आत बघा, आणि सगळ्याचे फोटो तारखेसकट ठेवा. विकत घ्यायच्या आधीच त्याला विचारा की मी हे उघडून मोजणार आहे, चालेल ना? ज्याने खरंच हाताने काम केलंय तो खुश होतो, उलट स्वतःच आतले फोटो पाठवतो, मला नंतर ज्याच्याकडून सिलिंडर आणि पिस्टन मिळाले त्याने पोर्टच्या घासलेल्या कडेचा फोटो न मागता पाठवला होता. जो ‘सील तोडू नको’ म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. आणि मीटर, गेज यांचे व्हिडिओ मागायचेच असतील तर इंजिनावर तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवून, प्लग काढण्यापासून सलग मागा.

त्याची जाहिरात परवा परत दिसली. नाव बदललंय, आता ८० च्या जागी १०० सीसी लिहिलंय, फोटो मात्र जुनाच आहे, इनटेकच्या शेजारी ओतकामातला खड्डा असलेला. तो फोटो दिसला तर तिथे पैसे भरू नका.