कम्युनिटी रेडिओवरचे कार्यक्रम: गाणी, बातम्या, चळवळ. कुठे जमलंय, कुठे नाही

स्वतंत्र कम्युनिटी रेडिओ हा प्रकार अजून बऱ्याच जणांनी ऐकलेलाच नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून हा रिव्ह्यू. म्हणजे अशी स्टेशनं की ज्यांच्या मागे मोठी कंपनी नाही, जाहिरातदाराचा दबाव नाही, ऐकणाऱ्यांच्या वर्गणीवर चालतात आणि माईकसमोर बहुतेक व्हॉलंटियर असतात. पूर्वी ट्रान्समीटरच्या रेंजमध्ये राहणाऱ्यांनाच ऐकू यायची, आता जवळपास सगळ्यांचं स्ट्रीम आहे, त्यामुळे कुठूनही कुठलंही लावा. मी रोज ऐकते, काम करताना, प्रवासात, रात्री झोप येत नसेल तेव्हाही.

माझं मत आधीच सांगते. जिथे गाणी लावणारे, बातमी सांगणारे आणि मोर्चात जाणारे लोक एकच असतात तिथे कार्यक्रम भन्नाट होतो. जिथे बातम्यांचं खातं वेगळं, संगीताचं वेगळं आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही, तिथे ते बाकीच्या रेडिओसारखंच होऊन जातं, फक्त जाहिराती नसतात एवढंच.

सुरुवात फोर ट्रिपल झेडपासून करते कारण माझं सगळ्यात आवडतं तेच. ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन शहर, डिसेंबर १९७५ मध्ये विद्यापीठाच्या आवारातून सुरू झालं. तेव्हा क्वीन्सलँड राज्यात ब्येल्के-पीटरसन यांचं सरकार होतं आणि १९७७ मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या मोर्चांवर चक्क बंदी घातली. आता विचार करा, रस्त्यावर एकत्र चालायची परवानगी नाही, बाकीचा मीडिया मूग गिळून बसलेला, आणि शहरात एक स्टेशन आहे जे मोर्चाची बातमीही देतंय आणि ज्या लोकल पंक (खडबडीत, बंडखोर रॉक) बँडला दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांची गाणीही वाजवतंय. ती गाणी पण त्याच रागातून आलेली, त्यामुळे बातमी संपली कुठे आणि गाणं सुरू झालं कुठे हे वेगळं काढताच येत नाही. पुढे १९८८ मध्ये विद्यार्थी संघटनेवर विरोधी गट निवडून आला आणि त्यांनी स्टेशनला आवारातून बाहेर काढलं, लोक पुन्हा उभे राहिले, स्टेशन बंद पडलं नाही, आणि आता ते शहरातल्या कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या इमारतीतून चालतं.

आजही ऐकलं तर तो बाज टिकून आहे. लोकल बँडला मोठी जागा, बातम्या व्हॉलंटियर तयार करतात, आदिवासी समाजाचे, एलजीबीटी समाजाचे, तुरुंगातल्या कैद्यांसाठीचे, असे कार्यक्रम ज्याचे त्याने चालवलेले. बातम्यांचा दर्जा रोज सारखा नसतो हे खरं, कधी बातमीपत्र एकदम टाइट असतं तर कधी वाचणाऱ्याचा आवाज थरथरतो, पण त्या थरथरीचं मला काही वाटत नाही, नवीन माणूस शिकतोय हे कळतं. उलट तासाला तीच पाच वाक्यं गुळगुळीत आवाजात ऐकायचा जास्त वैताग येतो.

त्याच देशात मेलबर्नला थ्रीसीआर आहे, १९७६ पासून. कामगार संघटना, स्थलांतरितांचे गट, पर्यावरणवाले, आदिवासी हक्कवाले, सगळ्यांचे आपापले स्लॉट. इथला एक कार्यक्रम मी सगळ्यांना सांगत असते, 'बियॉण्ड द बार्स'. दरवर्षी जुलैच्या आसपास तिथल्या आदिवासी समाजाच्या संस्कृतीचा, नाइडॉक नावाचा आठवडा असतो, तेव्हा हे लोक माईक घेऊन व्हिक्टोरिया राज्यातल्या तुरुंगांमध्ये जातात आणि आतून थेट प्रसारण करतात. आदिवासी कैदी स्वतः गाणी म्हणतात, कविता वाचतात, घरच्यांना निरोप देतात. कुणी गिटारवर गाणं म्हणतं आणि मध्येच आईचं नाव घेतं, कुणी सांगतं आपण कुठल्या जमातीचे, कुठल्या नदीकाठचे. निवेदक मध्ये मध्ये बोलत नाही, समजावून सांगत नाही, नुसता माईक पुढे करतो. ऑस्ट्रेलियात आदिवासींचं लोकसंख्येतलं प्रमाण किती कमी आणि तुरुंगातलं किती जास्त यावर अहवाल भरपूर आहेत, पण तासभर ते आवाज ऐकले की तो आकडा माणसांचा होतो. संगीत, बातमी आणि चळवळ असे तीन वेगळे डबे करायची गरजच पडत नाही याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पूर्ण मार्क.

थ्रीसीआरचं एक जड जातं ते म्हणजे अर्धे कार्यक्रम बोलण्याचे, आणि काही काही वेळा दोन कार्यकर्ते आपसातच बोलतायत आणि तुम्ही बाजूला बसलाय असं होतं. संघटनेचं नाव शॉर्टमध्ये, कायद्याचं नाव शॉर्टमध्ये, बाहेरच्याला ओ की ठो कळत नाही. थोडे दिवस ऐकलं की सवय होते, पण नवीन माणूस तेवढ्यात पळून जातो ना.

आता 'डेमॉक्रसी नाऊ', हा बातम्यांचा कार्यक्रम. हे बहुतेकांनी ऐकलेलं असेल. निवेदक एमी गुडमन आणि हुआन गोन्झालेझ, फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या पॅसिफिका नेटवर्कवर सुरू झालं, सोमवार ते शुक्रवार रोज एक तास. पहिल्यांदा हेडलाइन्स, मग मुलाखती. मुलाखत घेतात ती मला फार आवडते कारण समोरच्याला वाक्य पूर्ण करू देतात, टीव्हीवर चार खिडक्यांत चार जण ओरडतात तसलं काही नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये नॉर्थ डकोटात स्टँडिंग रॉकजवळ तेलाच्या पाइपलाइनविरोधात मूळ रहिवासी आंदोलन करत होते, तिथे कंपनीच्या सुरक्षारक्षकांनी आंदोलकांवर कुत्रे सोडले, ते चित्रण या टीमने केलं. त्यानंतर गुडमन यांच्यावरच वॉरंट निघालं, दंगलीचा आरोप लावायचा प्रयत्न झाला, आणि ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही. मोठे चॅनल तिथे नंतर पोचले. शिवाय प्रत्येक कार्यक्रमाचा पूर्ण लिखित मजकूर साइटवर असतो, इंग्रजी कानाला भरभर वाटत असेल तर वाचत वाचत ऐका, फार सोपं जातं.

पण संगीताच्या बाबतीत मी इथे मार्क कापते. दोन मुलाखतींच्या मध्ये अर्धा-एक मिनिट गाणं लागतं, निवडलेलं बरंच वेळा अगदी नेमकं असतं, विषयाला धरून, नुकत्याच गेलेल्या कलाकाराचं वगैरे, आणि तुम्ही त्यात शिरताय तेवढ्यात कट. गाणं श्वास घ्यायला ठेवलंय, ऐकायला नाही. आणि सुरुवातीच्या हेडलाइन्स म्हणजे युद्ध, पूर, गोळीबार, पुन्हा युद्ध, एका सुरात. मी सकाळी ऐकणं सोडलं, संध्याकाळी ऐकते.

ज्या नेटवर्कमधून हे निघालं त्या पॅसिफिकाबद्दल थोडं, कारण वर्गणीवरचा रेडिओ ही कल्पनाच अमेरिकेत तिथून आली. लुईस हिल नावाचा युद्धविरोधी माणूस, त्याने कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला केपीएफए हे स्टेशन सुरू केलं १५ एप्रिल १९४९ ला, ऐकणाऱ्यांनीच पैसे द्यायचे या तत्त्वावर. त्यांच्याच ह्यूस्टनच्या केपीएफटी स्टेशनचा ट्रान्समीटर १९७० मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी बॉम्बने उडवला, एकदा नाही दोनदा, आणि दोन्ही वेळा स्टेशन परत हवेत आलं. एवढा इतिहास असलेली संस्था, आणि भांडणं बघाल तर थक्क व्हाल. १९९९ च्या जुलैत व्यवस्थापनाने केपीएफएच्याच लोकांना स्टेशनबाहेर काढून टाळं लावलं, हजारो श्रोते रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे दार उघडलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचं त्यांचंच डब्ल्यूबीएआय स्टेशन पॅसिफिकाच्या वरच्या मंडळाने कर्जाचं कारण देऊन एका फटक्यात बंद केलं, लोकल कार्यक्रम गायब, कोर्टबाजी झाली आणि साधारण महिन्याभरात परत आलं. मला याच्यातून एक कळतं की श्रोत्यांची मालकी कागदावर असून भागत नाही, वेळ आली की श्रोते उभे राहतात का हे महत्त्वाचं, आणि इथे ते उभे राहिले. पण भांडणात गेलेली ताकद कार्यक्रमांत दिसायला हवी होती असंही वाटत राहतं.

नुसत्या संगीतासाठी विचाराल तर डब्ल्यूएफएमयू, डोळे झाकून. न्यू जर्सी, १९५८ पासून. आधी एका कॉलेजचं होतं, १९९५ मध्ये ते कॉलेजच बंद पडलं, पण त्याआधीच स्टेशनच्या लोकांनी लायसन्स विकत घेऊन ठेवलं होतं म्हणून हे वाचलं. हे फ्रीफॉर्म स्टेशन आहे, म्हणजे काय वाजवायचं ते पूर्णपणे निवेदकाच्या हातात, वरून यादी येत नाही. एका तासात जुनी गॉस्पेल (चर्चमधल्या भक्तिगीतांची) रेकॉर्ड, मग कुठल्यातरी देशातलं लग्नातलं बँड, मग नुसता मशीनचा आवाज, आणि ऐकताना हे एकमेकांना लागून का ठेवलंय ते हळूहळू उमगतं. कार्यक्रम चालू असताना साइटवर प्लेलिस्ट लाइव्ह उमटत जाते, गाणं, कलाकार, वर्ष, सगळं, आणि बाजूला श्रोते गप्पा मारत असतात, निवेदक पण त्यात उत्तरं देतो. तुम्ही विचारलंत हा वाद्याचा आवाज कसला तर कुणीतरी सांगतंच. मला इथे जेवढं संगीत कळलं तेवढं कुठल्याही ॲपने सुचवलेल्या यादीतून कळलं नाही, कारण ॲप मला आवडलेलंच परत परत देतं आणि इथे समोर माणूस आहे ज्याला त्याचं काहीतरी मला ऐकवायचंय. बातम्या आणि चळवळ इथे जवळजवळ नाहीत, ते शोधत असाल तर दुसरीकडे जा.

भारतातल्या कम्युनिटी रेडिओचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. २००२ मध्ये शिक्षण संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना परवानगी मिळाली, पण स्वतःच्या बातम्या द्यायला आजही मनाई, आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावायचं फक्त. म्हणजे वर मी ज्याचं कौतुक करतेय त्यातला एक पाय नियमानेच कापलेला. तरीही तेलंगणात माचनूरचा संगम रेडिओ, २००८ पासून, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या स्वयंसेवी संस्थेशी जोडलेल्या दलित महिला चालवतात, शेतीचं, बियाण्याचं, बायकांच्या हक्काचं सगळं बोलणं आणि त्यांची स्वतःची गाणी. बातमी हा शब्द न वापरता चळवळ कशी ऐकवायची हे त्यांनी करून दाखवलंय. मनाई उठायला पाहिजे, यात दोन मतं नाहीत माझी.

आता तक्रारी, कुणा एकाबद्दल नाही, बऱ्याच ठिकाणी अनुभवलेल्या. आवाजाची पातळी सांभाळत नाहीत, निवेदक कुजबुजतो आणि गाणं कानठळ्या बसवतं. फोनवरची मुलाखत घरघरत असते आणि तरी अर्धा तास चालवतात. गाण्याचं नाव सांगत नाहीत! हे तर अक्षम्य आहे, इतकं दुर्मिळ काहीतरी लावायचं आणि पुढे "चला तर मग" म्हणून निघून जायचं. फंड ड्राइव्ह, म्हणजे वर्गणी गोळा करायची मोहीम, चालू असला की मूळ कार्यक्रमाचे लचके तोडतात, वर्गणी मागा जरूर मागा, मी देते पण, पण तासातली चाळीस मिनिटं मागण्यातच घालवली तर माणूस कशासाठी देणार? आणि सगळ्यात गंभीर म्हणजे काही स्टेशनांवर याच काळात कसले कसले चमत्कारी उपचार, षड्यंत्राच्या सीडी असलं भेट म्हणून वाटतात. ज्या तोंडाने सत्तेला प्रश्न विचारता त्याच तोंडाने पडताळणी न केलेलं विकायचं, हे चालणार नाही. स्वतंत्र आहे म्हणून खरंच असेल असं धरू नका, इथेही कान उघडे ठेवूनच ऐका.

नवीन असाल तर पॉडकास्टच्या भागांपेक्षा लाइव्ह स्ट्रीमने सुरुवात करा, न निवडलेलं काहीतरी कानावर पडणं हीच यातली मजा आहे. एक स्टेशन धरा आणि वेगवेगळ्या वेळी लावून बघा, दुपारचं आणि मध्यरात्रीचं स्टेशन अगदी दोन वेगळी असतात. संगीताचे कार्यक्रम नंतर ऐकू म्हणून ठेवू नका, कॉपीराइटच्या नियमांमुळे अनेक ठिकाणी दोनेक आठवड्यांत अर्काइव्हमधून काढून टाकतात, बोलण्याचे कार्यक्रम मात्र बरेच दिवस राहतात. आणि साइटवरचं वेळापत्रक त्या त्या शहराच्या वेळेनुसार असतं, आपल्या वेळेत बदलून घ्या. 'बियॉण्ड द बार्स'साठी जूनच्या शेवटी थ्रीसीआरच्या साइटवर तारखा बघा, जुने भागही तिथेच मिळतील.