किनारा, रानवाटा की जुनी वास्तू: एका दिवसासाठी काय निवडाल?

सकाळी निघून रात्री घरी परतायचं म्हटलं की जाण्यायेण्याचा वेळ वजा जाता हातात चार-पाच तासच उरतात. ते कुठे घालवायचे यावर आमच्याकडे दरवेळी वाद होतो आणि हल्ली तो मी हळूच किनाऱ्याकडे वळवतो. तिन्ही प्रकार करून झालेलं हे माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं.

ऐतिहासिक ठिकाण ठरवायला सगळ्यात सोपं वाटतं. साप्ताहिक सुट्टी तेवढी बघून घ्यावी, कारण त्यात एकवाक्यता नाही: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, ताजमहाल शुक्रवारी, पॅरिसचं लूव्र पुन्हा मंगळवारी. पण हे निदान शोधलं की सापडतं. एका जुन्या वाड्यातली भित्तिचित्रं बघायला मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो, तर त्या दालनाच्या दाराला आडवी दोरी आणि आत छतापर्यंत बांबूंची परांची. 'काम चालू आहे' एवढीच पाटी. कधीपासून, कधीपर्यंत, काही पत्ता नाही. तिकीट मात्र पूर्ण घेतलेलं! डागडुजी व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या एका दालनासाठी दिवस काढला ते बंद आहे, हे आदल्या दिवशी फोन करून विचारलं तरी कळत नाही. मुक्कामी माणूस 'उद्या बघू' म्हणू शकतो. एका दिवसाच्या सहलीत तो दिवस गेलाच. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

आता समुद्र. भरती-ओहोटीची कटकट नको म्हणून लोक किनारा टाळतात, पण ती कटकट निदान आधी सांगून येते. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. चंद्र-सूर्याच्या हिशेबावर चालणारं हे कोष्टक वर्षभर आधी तयार असतं. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटाकडे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. वेळा बघून जाणारे आरामात जाऊन येतात, न बघणारे अडकतात. वारा जोराचा असेल तर पाणी कोष्टकापेक्षा जास्त चढतं, हे खरं. तरी आतापर्यंत मला समुद्राने परांची बांधून परत पाठवलेलं नाही.

शेतवाटा आणि डोंगरउतारांना ना दार ना भरती. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मीही तिकडेच जाईन. हवं तिथे बसा, हवं तेव्हा परता. फक्त परतीची शेवटची गाडी आधीच विचारून ठेवा. माझी अडचण एवढीच, की काही गाठायचं नसलं की मी दुपारीच कंटाळतो. हा दोष रानाचा नाही.

किनारा ठरला तर तारीख चंद्र बघून धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. पाणी जितकं वर येतं तितकंच लांबही जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. खडकांच्या खळग्यांत अडकलेले खेकडे, शंख, समुद्रफुलं बघायची तर हेच दिवस. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची हालचाल कमी. नुसतं वाळूत पाय सोडून बसायचं असेल तर ते बरं. भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी भरती-ओहोटी नावालाच असते, तेव्हा तिथे हा हिशेब बाजूला ठेवा.

ओहोटी भर दुपारी न येता सकाळी दहा-अकराला येईल असा दिवस मी शोधतो. पाणी पूर्ण ओसरायच्या तासभर आधी खडकांवर उतरायचं आणि ते वळल्यावर पहिल्या तासात परतायचं. तोवर पाणी जेमतेम चढलेलं असतं. चढायला लागणाऱ्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच साधारण निम्मं पाणी भरतं, त्यामुळे 'अजून बराच वेळ आहे' असं वाटत असतानाच मागची वाट बुडते.