येनमध्ये भरावं की रुपयांत? जपानहून फिगर मागवताना पैसे कुठे गळतात

आमिआमी किंवा मांदाराकेसारख्या जपानी दुकानातून फिगर (ॲनिमे किंवा गेममधल्या पात्राची संग्रही ठेवायची मूर्ती) मागवायची तर किंमत येनमध्ये आणि आपला पगार रुपयांत. मधल्या अदलाबदलीत किती जातं, ते तुम्ही पैसे कशाने भरता यावर ठरतं. हिशोबापुरती २०,००० येनची एक स्केल फिगर (पात्राच्या ठराविक प्रमाणात बनवलेली) घेऊ आणि १ येन म्हणजे ६० पैसे धरू. मूळ रक्कम झाली १२,००० रुपये.

नेहमीचं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड असेल तर बहुतेक बँका ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनाच्या व्यवहारावरचं बँकेचं शुल्क) लावतात, वर त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४.१३ टक्के, आपल्या फिगरवर ४९६ रुपये. प्रीमियम कार्डांवर हाच मार्कअप अनेकदा २ टक्के असतो. जीएसटीसकट २८३ रुपये पडतात. आणि शून्य मार्कअपच्या कार्डावर काहीच नाही, फक्त व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवशीचा दर, जो बाजारभावाच्या अगदी जवळ असतो. फेडरल बँकेचं स्कॅपिया आणि आयडीएफसी फर्स्टचं वॉव ही त्यातली ओळखीची नावं. वॉव एफडीवर मिळतं, त्यामुळे पगाराची स्लिप नसलेल्या कॉलेजच्या पोरांनाही ते जमतं. अर्ज करण्याआधी बँकेच्या शुल्कपत्रकात आजचा मार्कअप बघून घ्या, कारण या सवलती बदलत राहतात.

वार्षिक फी असलेलं कार्ड घेताना मात्र गणित करा. फी ३,००० असेल तर जीएसटीसकट ३,५४० झाले. ते साध्या कार्डाच्या तुलनेत वसूल व्हायला वर्षाला साधारण ८६ हजारांची परदेशी खरेदी लागते. तेवढी करत नसाल तर फी नसलेलंच बघा. २ टक्क्यांचं कार्ड हाताशी असेल आणि त्यावर पॉइंट बरे मिळत असतील, तर नवं काढायची घाई कशाला?

आता पेपाल, म्हणजे कार्ड जोडून ऑनलाइन पैसे भरायची सेवा. खरी गोम इथे आहे. पेपालमध्ये भारतीय कार्ड जोडलं की ते आपणहून रुपयांतली रक्कम दाखवतं, आणि त्या दरात पेपालने स्वतःचे ३-४ टक्के धरलेले असतात. आपल्या फिगरवर ४ टक्क्यांनी ४८० रुपये. वर काही बँका परदेशी व्यापाऱ्याकडे रुपयांत झालेल्या व्यवहारालाही वेगळं शुल्क लावतात. ते १ टक्का अधिक जीएसटी धरलं तर आणखी १४७ रुपये. म्हणजे शून्य मार्कअपचं कार्ड वापरूनही सव्वासहाशे गेले. उपाय सोपा आहे: पैसे भरण्याच्या पानावर दराजवळच चलनाच्या पर्यायांची लिंक असते. तिथे जाऊन रूपांतर कार्डाच्या बँकेकडे द्यायचं, मग रक्कम येनमध्येच कापली जाते. हे एवढं केलं की पेपाल वाईट नाही, उलट सेकंडहँड मालासाठी मी तेच सुचवेन, कारण वस्तू आलीच नाही किंवा वर्णनापेक्षा वेगळी आली तर १८० दिवसांत तक्रार करता येते.

कुठल्याही साइटवर ‘रुपयांत भरा’ असं गोड आमंत्रण दिसलं तरी हाच नियम. येन निवडायचं.

फॉरेक्स प्रीपेड कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड, मुळात प्रवासाचं. येन भरतानाच्या दरात ते कार्ड देणाऱ्याचा नफा असतो, शिवाय रूपांतरावर किमान ४५ रुपये जीएसटी. जपानला जाऊन अकिहाबारात (टोकियोतला ॲनिमे-गेमच्या दुकानांचा भाग) फिरणार असाल तर ठीक, घरबसल्या पार्सल मागवायला नको.

कार्ड नवीन असेल तर ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करा; रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नव्या कार्डावर ते बंदच असतात. आणि ऑर्डर रद्द झाली तर परतावा त्या दिवशीच्या दराने येतो, मार्कअप परत मिळेलच असं नाही.

पण हे सगळं वाचवूनही दोन मोठ्या गोष्टी उरतात. पहिली, येनची चढउतार. जुलै २०२४ मध्ये येन ५२ पैशांपर्यंत घसरला होता, सप्टेंबरात ५९ वर गेला. २०,००० येनच्या वस्तूवर तो १,४०० रुपयांचा फरक, मार्कअपच्या जवळपास तिप्पट. प्रीऑर्डरचे (माल बाजारात येण्याआधीच केलेल्या नोंदणीचे) पैसे बहुतेक दुकानं माल निघताना घेतात, तेव्हा आज दिसणारा रुपयांतला आकडा फार मनावर घेऊ नका.

दुसरी, कस्टम. शुल्क वस्तू, शिपिंग आणि विमा यांच्या एकत्रित किमतीवर लागतं, आणि त्यासाठी कस्टम स्वतःचा जाहीर केलेला दर वापरतं (येनचा १०० येनला इतके रुपये असा). तुमच्या कार्डाने काय दर दिला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. पार्सल कुठल्या वर्गात धरलं जातं त्यावर प्रत्यक्ष आकडा बदलतो, पण तो ४९६ रुपयांपेक्षा कितीतरी मोठा असणार हे नक्की. विक्रेत्याला पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहायला सांगणारे अजून भेटतात. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली.

म्हणून वर्षाला एखादीच फिगर घेणाऱ्याने भारतातल्या विक्रेत्याचा भावही विचारावा. तो १५,००० म्हणाला तर १२,००० शी ताडून ‘लुटतोय’ म्हणू नका; आधी शिपिंग, शुल्क आणि कुरिअरवाल्याचा हाताळणी खर्च मिळवा, मग ठरवा.