क्रूझचा विमा: ११,७६० रुपयांची पीडीएफ

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. सव्वीस वर्षं. खोटी नोट बोटांना कळते, सही हललेली असली तर चेक परत करतो. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून काउंटरवर रोज चार म्हाताऱ्यांना ओरडतो. तरी एका पंचविशीच्या पोराने मला विम्याचा खोटा कागद विकला. आधी खूप दिवस कुणाला सांगितलंच नाही. आता सांगतोय, कारण त्याच पोराकडे अजून लोक जातायत.

२०२४च्या दिवाळीनंतर आम्ही सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला गेलो. मी, ही आणि आई. आई बहात्तरची, मधुमेह जुना. पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. तिघांचे २,९४,००० रुपये, विमानासकट. स्टेशनबाहेरच्या टूरवाल्याकडून बुकिंग केलं, पैसे फर्मच्या चालू खात्यात एनईएफटीने भरले, पावती घेतली, व्हिसा आला, केबिन नंबर आला. हे सगळं खरं होतं. म्हणूनच तर फसलो. अडीच-तीन लाखांचं काम चोख करणारा माणूस बारा हजारांसाठी खोटं करेल असं कोणाच्या मनात येईल?

विमा घ्यायचा की नाही यावर घरात आठवडाभर वाद चालला. मेहुणे म्हणाले, "पाण्यावर चार दिवस. काय होतंय? त्यापेक्षा आईंना शहाळी पाजा." माझंही मन तिकडेच झुकत होतं. पण हिच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या सासऱ्यांना जहाजावर सलाईन लावावं लागलं होतं, तेव्हाचा बिलाचा आकडा ही विसरली नव्हती. आपला इथला मेडिक्लेम सहसा तिथे चालत नाही. जहाजावरचा डॉक्टर डॉलरमध्ये पैसे घेतो, आणि प्रकृती बिघडून मधेच किनाऱ्यावर हलवायची वेळ आली तर खर्च लाखांत जातो. तेव्हा घ्यायचा असं ठरलं. निर्णय चुकला नव्हता, हे मला नीट लिहून ठेवायचंय. घरात अजूनही "घेतलाच नसता तर" असं ऐकावं लागतं.

टूरवाल्याच्या काउंटरवर बसणारा तो पोरगा म्हणाला, "काका, ऑनलाइन घेऊ नका, त्यात क्रूझ कव्हर नसतं. आपल्याकडे क्रूझ स्पेशल आहे. आजींची शुगर पण कव्हर, कॅन्सलेशन पण, बोट चुकली तर ते पण." माझे आणि हिचे ३,२०० प्रत्येकी, आईचे ५,३६०. एकूण ११,७६०.

बहात्तर वर्षांच्या मधुमेही बाईचं सगळंच कव्हर करणारी पॉलिसी असते का हो? आधीपासूनचा आजार म्हटलं की कंपन्या शंभर अटी घालतात, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. ऐकायला बरं वाटलं, एवढंच.

आणि ते आकडे. ३,२००. प्रवास विम्यावर तेव्हा, २०२४ मध्ये, अठरा टक्के जीएसटी लागायचा. जीएसटी धरून प्रीमियम असा गुळगुळीत येणं म्हणजे योगायोगच. आमच्याकडे दिवसाचा हिशेब असा गोल आला की आम्ही दोनदा मोजतो. इथे मी एकदाही मोजला नाही.

पण माझी झोप उडवते ती दुसरीच गोष्ट. ९ ऑक्टोबरची संध्याकाळ. त्याने काउंटरवरचा नेहमीचा क्यूआर बाजूला सरकवला आणि स्वतःच्या मोबाइलवरचा दाखवला. मी स्कॅन केला, रक्कम टाकली आणि पिनच्या आधी स्क्रीनवर नाव आलं. फर्मचं नव्हे, कुणा बाईचं. मी थांबलो. शपथेवर सांगतो, थांबलो होतो. विचारलंही, "हे कोण?" तो हसून म्हणाला, "आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत काका. कंपनीच्या खात्याचं आजचं लिमिट संपलं." पैसे येणाऱ्या चालू खात्याला कसलं आलंय दिवसाचं लिमिट! हेच वाक्य माझ्या काउंटरवर कुणी बोललं असतं तर मी मॅनेजरला हाक मारली असती. पण बाहेर स्कूटर नो पार्किंगमध्ये होती, आमच्याकडे ऑडिट चालू होतं, हिचे दोन फोन येऊन गेले होते. पिन टाकला. नंतर कळलं, त्या मॅडम म्हणजे त्याची आई.

पीडीएफ रात्री व्हॉट्सअॅपवर आली. नावाजलेल्या विमा कंपनीचं बोधचिन्ह, पॉलिसी नंबर, पन्नास हजार डॉलरचं कव्हर. आता मोठी करून बघितली तर आईच्या जन्मतारखेचे आकडे बाजूच्या अक्षरांपेक्षा जाड आहेत आणि रेघेच्या केसभर वर बसलेत. जुन्या कुणाच्या तरी पॉलिसीवर चिकटवलेले. मदतीसाठी दिलेला नंबर दहा आकडी मोबाइल. तेव्हा मी नाव बरोबर आहे ना तेवढं पाहिलं, तीन प्रती काढल्या आणि पासपोर्टच्या प्लास्टिकमध्ये घातल्या. प्लास्टिक नवीन आणलं होतं त्यासाठी.

पेनांग सोडलं त्या रात्री आईला उलट्या-जुलाब सुरू झाले. जहाजाच्या दवाखान्यात नेलं तर साखर ३४२. सलाईन, तपासण्या, रात्रभर देखरेख. नर्सने विमा विचारला, मी ऐटीत प्लास्टिक पुढे केलं. ती म्हणाली, बिल केबिनच्या खात्यावर पडेल, कागद देतो, क्लेम तुम्ही घरी जाऊन करा. ही पद्धत खरीच आहे, जहाजावर कॅशलेसच्या भरवशावर कुणी राहू नका. बिल झालं ९१२ अमेरिकन डॉलर. कार्डावर मार्कअप, म्हणजे परकी चलनासाठी बँक लावते तो जादा आकार, आणि त्यावरचा जीएसटी धरून ८०,०५७ रुपये गेले. जहाजाचं महागडं वायफाय घेऊन मदत क्रमांक लावत राहिलो, बंद. फुकेत आईने केबिनमध्ये काढलं, डॉक्टरांनी बाहेर पडू नका सांगितलं होतं.

परत आल्यावर कंपनीच्या शाखेत गेलो. समोरच्या मुलीने नंबर टाकला, परत टाकला आणि म्हणाली, "सर, आमच्या पॉलिसी नंबरला याहून दोन आकडे जास्त असतात." प्रत्येक विमा योजनेला यूआयएन, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, तो तिने शोधला. निघाला मोटारगाडीच्या पॉलिसीचा. मी आईला गाडीच्या विम्यावर जहाजात नेलं होतं.

तुमच्या कंपनीच्या नावाने खोटे कागद फिरतायत, तुम्ही तरी तक्रार करा, म्हटलं. व्यवस्थापक म्हणाले, "आपण आमचे ग्राहकच नाही, त्यामुळे तक्रार नोंदवता येत नाही." ईमेल केला तर आपोआप उत्तर आलं: कृपया वैध पॉलिसी क्रमांक लिहावा.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "पैसे यूपीआयने दिले ना? मग सायबरला जा." सायबरला गेलो. तिथले म्हणाले, "तुम्ही दुकानात समोरासमोर बसून दिलेत, हा ऑनलाइन फ्रॉड कसा? पोलीस ठाण्यात जा." परत आलो. यावेळी एक साहेब भेटले. ते म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, अर्ज देऊन जा. मी म्हटलं, साहेब, खोटा दस्तऐवज बनवलाय, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ आहे, बनावट कागदाला ३३६ आहे. त्यांनी वर बघितलं. "वकील आहात का?" नाही म्हटलं. "मग अर्ज द्या." चार खेपांनंतर अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला. ८०,०५७ रुपयांचं सांगितलं तर एक जण म्हणाला, "ते तर जहाजवाल्यांनी घेतले, यांनी अकराच हजार घेतले की." हे ऐकून घरी कसा आलो मला आठवत नाही. १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावायला महिना उशीर झाला होता. पैसे गेल्या गेल्या लावला तरच खातं गोठवण्याची आशा असते. विमा लोकपालांकडे फी लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, पण त्याला आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघावी लागते, आणि मुळात पॉलिसी असावी लागते. माझ्याकडे चित्र आहे.

शेवटी जानेवारीत जिल्हा ग्राहक आयोगात टूरवाल्या फर्मवर दावा टाकला. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकिलावाचूनही चालतं. मी वकील केला, कारण माझा माझ्यावर विश्वास उरलेला नाही. फर्मचं उत्तर आलंय: तो मुलगा आमचा कर्मचारी नव्हताच, कमिशनवर बसायचा.

विमा घ्या. पण क्रूझ विकणाऱ्याकडून घेत असाल तर कागद हातात आल्यावर कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर घ्या, कागदावरचा नव्हे, आणि पॉलिसी नंबर वाचून दाखवा. पाच मिनिटं लागतात. निघायच्या आधी करा, मी परत आल्यावर केलं. आजार फॉर्ममध्ये लिहिलाय का ते स्वतः बघा. फॉर्मच भरून घेतला नाही, तर तिथेच उठा. माझ्याकडून कुणी भरून घेतला नव्हता. नंतर चौकशी केली तेव्हा तेवढ्याच दिवसांची खरी पॉलिसी आम्हा दोघांची मिळून दीड हजारात बसत होती.

आईला आकडा सांगितलेला नाही. तिला वाटतं विम्याने पैसे दिले. शेजारच्या काकूंना सांगत असते, "आमच्या ह्याने विमा काढला होता म्हणून बरं."

त्या पोराचा नंबर मी ब्लॉक केलेला नाही. परवा त्याच्या स्टेटसला नवीन जाहिरात होती: मुंबई-लक्षद्वीप क्रूझ, विमा मोफत. स्क्रीनशॉट काढून वकिलांना पाठवला. पुढची तारीख पडली आहे.