संगीतासाठी वेगळी खोली की हॉलची एक बाजू?

मुंबईच्या फ्लॅटमध्ये संगीत ऐकण्यासाठी १० बाय १० फुटांची बेडरूम राखून ठेवावी, की हॉलच्या एका बाजूला स्पीकर मांडावेत, हे ठरवताना मला खोलीचा आकार सर्वांत निर्णायक वाटतो. चौरस खोलीत समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर दोन्ही दिशांना सारखेच, म्हणजे सुमारे ३ मीटर असल्याने ५७ हर्ट्झच्या आसपासच्या खर्जात दोन्ही दिशांचे अनुनाद (भिंतींमध्ये घुमून वाढणारा आवाज) एकत्र येतात आणि तो आवाज फुगतो. छतही जवळपास तितकेच उंच असेल, तर खर्ज आणखी जड होतो आणि डग्ग्याची मींड, म्हणजे घसरत जाणारा नाद, स्पष्ट उमटण्याऐवजी नुसती घुमत राहते. पातळ फोमने हा दोष जात नाही. त्यासाठी कोपऱ्यांत रॉकवुलचे (दगडी तंतूंच्या दाट लोकरीचे) किमान ४ इंच जाडीचे पॅनेल लावावे लागतात आणि आधीच अपुरी असलेली जागा आणखी आक्रसते.

१० बाय १८ फुटांच्या हॉलमध्ये लांबी-रुंदी वेगळी असल्यामुळे हे अनुनाद विखुरले जातात, शिवाय सोफा आणि जाड पडदे वरच्या पट्टीतला आवाज बऱ्यापैकी शोषून घेतात. रस्त्याचा आणि स्वयंपाकघराचा आवाज मात्र तिथे अटळ आहे; तानपुऱ्याची आस, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळणारा नाद, ऐकायची, तर बेडरूमचे बंद दारच उपयोगी पडते. तरीही मी हॉलच निवडेन आणि विलंबित ख्याल रात्री उशिरा, लोकल थांबल्यावर, बेताच्या आवाजात ऐकेन.