वर्ककीज टेस्ट: सर्टिफिकेटवरचा रंग सोडा, तीन आकडे बघा

अमेरिकेतल्या आमच्या मिशिगन राज्यात अकरावीच्या मुलांना स्प्रिंगमध्ये एसएटी, म्हणजे कॉलेज अ‍ॅडमिशनसाठीची टेस्ट, असते हे आपल्या सगळ्या आईबाबांना तोंडपाठ असतं, पण तिच्या पाठोपाठ कामावर लागणारी कौशल्यं तपासणारी वर्ककीज नावाची जी टेस्ट असते तिचा विषय काढला की लगेच "अहो ती कॉलेजला न जाणाऱ्यांची" असं ऐकायला मिळतं. तसं काही नाहीये. एसएटी, वर्ककीज आणि एम-स्टेप (राज्याची सायन्स आणि सोशल स्टडीजची टेस्ट) मिळून राज्याची मिशिगन मेरिट एक्झाम होते, म्हणजे ती कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठीही आहे, आणि पैसे राज्य भरतं, आपल्या खिशातून काही जात नाही. आमच्या लेकीने दिली, मी तिच्यासोबत सॅम्पल प्रश्न सोडवत बसले, आणि माझं मत सांगायचं तर टेस्ट चांगली आहे, त्यावरून मिळणारं सर्टिफिकेट ठीकठाक आहे, आणि आमच्या शाळेने त्याबद्दल जी माहिती दिली ती शून्य आहे.

आधी टेस्ट. तीन भाग आहेत, अप्लाइड मॅथ, ग्राफिक लिटरसी आणि वर्कप्लेस डॉक्युमेंट्स, प्रत्येकाला 55 मिनिटं. मॅथला कॅल्क्युलेटर चालतो आणि फॉर्म्युला शीट हातात देतात. हे ऐकून आमची बाई निवांत झाली, "अगं आई, मग त्यात अवघड काय, सातवीचं तर गणित आहे". गणित खरंच सातवी-आठवीचंच आहे हो, पण ते गणित म्हणून समोर येतच नाही. मी तिला त्याच धर्तीवर एक घरीच बनवून दिलं: खोली 12 फूट बाय 15 फूट, कार्पेट मिळतं स्क्वेअर यार्डवर, किती घ्यायचं? तिने पटकन 180 काढलं, 3 ने भागलं आणि 60 लिहून मोकळी. एका यार्डात 3 फूट म्हणून 3 ने भागलं, पण स्क्वेअर यार्डात 9 स्क्वेअर फूट, म्हणजे उत्तर 20. दुकानात जाऊन तिप्पट कार्पेट आणलं असतं बाईसाहेबांनी! आणि ही मुलगी शाळेत प्रीकॅल्क, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीचं वरचं गणित, करते. हे असं कुठे अडकायला होतं ते एसएटीच्या स्कोरमध्ये कळत नाही, इथे कळतं.

पण मला सगळ्यात आवडला तो डॉक्युमेंट्सचा भाग. त्यात गोष्टी नाहीत कविता नाहीत, ऑफिसातले ईमेल, नोटिसा, नियम, सूचना, करार असलंच सगळं, आणि वरच्या लेव्हलला जाल तसं वाक्य लांब होतं आणि अपवादाला अपवाद येतो. म्हणजे सुट्टी हवी असेल तर दोन आठवडे आधी कळवा, पण शिफ्ट कोणाशी बदलून घेतली असेल तर ती अट नाही, मात्र सुपरवायझरची सही आधी हवी, आणि मग प्रश्न असा की अमक्याने शिफ्ट बदलली पण सही घेतली नाही तर त्याला कुठला नियम लागू. मोठी माणसं सुद्धा असल्या नोटिसा अर्ध्याच वाचतात आणि मग एचआरशी भांडतात, मी रोज बघते. ग्राफिक लिटरसीबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही, तक्ते, आलेख, नकाशे, मीटरचे काटे, ज्याला सवय आहे त्याला जमतं.

आता सर्टिफिकेट. ह्या तिन्हीत प्रत्येकी किमान 3 लेव्हल आली की ब्राँझ, 4 ला सिल्व्हर, 5 ला गोल्ड, 6 ला प्लॅटिनम. नाव नॅशनल करिअर रेडिनेस सर्टिफिकेट. ह्यात मेख अशी की सरासरी धरत नाहीत, तिन्हीतला सगळ्यात कमी जो असेल तोच रंग. म्हणजे एका मुलाला मॅथमध्ये 7, डॉक्युमेंट्समध्ये 6 आणि ग्राफिकमध्ये 4 मिळाले तर तो सिल्व्हर, आणि सगळीकडे 4 मिळवणारा पण सिल्व्हर. पहिल्यांदा ऐकलं तर अन्याय वाटतो, पण कामावर तरी काय होतं, माणूस जिथे कच्चा तिथेच अडतो, म्हणून मला हा नियम बरोबरच वाटतो. फक्त एवढंच की त्या रंगावरून पोराचं मोजमाप करू नका, स्कोर रिपोर्टमधले तीन आकडे बघा, खरी माहिती तिथे आहे. 7 लेव्हल तर सर्टिफिकेटवरून कळतच नाही, वरची पायरी 6 लाच संपते.

उपयोग किती? इथे उत्तर तुम्ही कुठल्या राज्यात आहात त्यावर आहे. लुइझियानात टॉप्स टेक नावाच्या स्कॉलरशिपला एसीटी ह्या एसएटीसारख्याच कॉलेज-टेस्टमध्ये 17 किंवा वर्ककीजमध्ये सिल्व्हर, दोन्हीपैकी एक चालतं, म्हणजे तिथे हा सरळ पैशाचा मामला आहे. अलाबामात शाळा मुलाला कॉलेज-करिअर रेडी धरते त्याच्या यादीत सिल्व्हर बसतं. आमच्या मिशिगनमध्ये ग्रॅज्युएशनसाठी स्कोरची अट नाही, आणि अ‍ॅडमिशनला एसएटीसारखं हे कोणी मागत नाही. त्यामुळे मुलांनाही वाटतं की टाइमपास आहे आणि बरीचशी डोळे मिटून गोल भरतात, तिथे सगळंच मुसळ केरात. अप्रेंटिसशिप, कारखाना, हॉस्पिटलमधलं टेक्निशियनचं काम असं डोक्यात असेल तर मात्र त्या त्या ठिकाणी आधी विचारून घ्या की हे सर्टिफिकेट धरता का, काही ठिकाणी धरतात काही ठिकाणी नावही माहीत नसतं.

आणि एक, करिअर रेडिनेस हे नाव जरा जास्तच मोठं आहे. तीन टेस्टमध्ये लिहिणं नाही, बोलणं नाही, चार लोकांत मिळून काम करणं नाही. बिझनेस रायटिंगची वेगळी टेस्ट वर्ककीजमध्ये आहे पण सर्टिफिकेटसाठी ती लागत नाही. प्लॅटिनम मिळालेलं पोर फोन उचलायला घाबरत असेल तर ते कुठेच दिसणार नाही. वर्ककीज बनवणारी एसीटी ही संस्था (एसीटी टेस्टही तिचीच) 2024 मध्ये नेक्सस कॅपिटल नावाच्या गुंतवणूक कंपनीकडे गेली, आधी ना-नफा होती आता नाही, तर पुढे असल्या सर्टिफिकेटांचं मार्केटिंग वाढणार असा माझा आपला अंदाज, तेव्हा जाहिरातीतल्या भाषेवर जाऊ नका.

माझ्याकडून टेस्टला चार स्टार, सर्टिफिकेटला तीन. तयारीसाठी क्लास-बिस काही लावू नका, एसीटीच्या साइटवर फुकट सॅम्पल प्रश्न आहेत तेवढे पुरतात, फक्त मुलाला एकट्याला सोडू नका, बरोबर बसा आणि "तू हे उत्तर का दिलंस" एवढं विचारा. एकाच भागात कमी आले असतील तर पुढे टेस्ट सेंटरवर तेवढाच भाग परत देता येतो, तिन्ही नाही द्यावे लागत. आणि निकालानंतर ऑनलाइन अकाउंटमध्ये लॉगिन करून सर्टिफिकेट डाउनलोड करून ठेवा, आमच्याकडे शाळेने ते अकाउंट आहे हेसुद्धा सांगितलं नव्हतं, लॉगिनची माहिती काउन्सेलरकडे मागायला लागली.