राजकीय चर्चेसाठी व्हॉट्सॲप ग्रुप कितपत उपयोगी? एक परीक्षण

व्हॉट्सॲपचे परीक्षण आता कोणी कशाला लिहील, असे वाटणे स्वाभाविक आहे. हे परीक्षण मात्र त्यातील ग्रुप या एकाच सुविधेचे आणि एकाच कामापुरते आहे. ज्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत अशा माणसांना राजकारणावर धड बोलता यावे, यासाठी ही सुविधा कितपत उपयोगी पडते? वाढदिवसाच्या शुभेच्छा, लग्नपत्रिका आणि उद्या पाणी येणार नसल्याची सूचना या कामांसाठी ती उत्तम आहे, याबद्दल दुमत नसावे. राजकीय चर्चेच्या बाबतीत मात्र बहुतेक ग्रुपांचा निकाल आधीच लागलेला असतो आणि "राजकीय व धार्मिक पोस्ट टाकू नयेत" या शब्दांत तो ग्रुपच्या माहितीत नोंदवलेलाही असतो. हा नियम घालताना आपण एक चांगली सोय वापरून न पाहताच टाकून देतो, असे माझे मत आहे. माझ्याकडून या कामासाठी पाचपैकी तीन गुण. कापलेल्या दोन गुणांपैकी एक ॲपच्या रचनेसाठी आणि दुसरा आपल्या, म्हणजे वापरणाऱ्यांच्या, सवयींसाठी.

गुण कशासाठी दिले ते आधी सांगतो. फेसबुक किंवा एक्ससारख्या ठिकाणी आपण कोणाला वाचायचे हे आपणच निवडतो आणि उरलेली निवड ते माध्यम आपल्या आवडीनुसार करते. त्यामुळे काही महिन्यांत आपल्याभोवती आपल्याच मताची माणसे उरतात, आणि विरोधी मत दिसलेच तर ते कोणा अनोळखी माणसाचे, सर्वांत भडक शब्दांत लिहिलेले असते. दहावीच्या तुकडीचा, सोसायटीचा किंवा नोकरीच्या ठिकाणचा ग्रुप असा बनत नाही. तिथे माणसे राजकारण पाहून घेतलेली नसतात. ज्याचे मत आपल्याला अजिबात पटत नाही, त्याच्या वडिलांच्या आजारपणात आपण रुग्णालयात जाऊन आलेलो असतो, आणि त्याने आपल्याला शाळेत गणिते सोडवून दिलेली असतात. मतभेद असलेल्या माणसांची आधीपासूनची ओळख हीच या सेवेची खरी जमेची बाजू आहे, आणि ती कंपनीने तयार केलेली नसून आपण सोबत आणलेली आहे.

सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी आमची दहावी झाली. त्या तुकडीचा ग्रुप सत्तरेक जणांचा आहे. त्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक आहेत, चाकणच्या कारखान्यात काम करणारे आहेत, हिंजवडीत संगणकाच्या नोकरीत असलेले आहेत, गावीच राहून शेती आणि दूध पाहणारे आहेत, शिवाय एक अंगणवाडी सेविका आहे. १४ मार्च २०२३ रोजी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप सुरू केला, त्या सकाळी हिंजवडीच्या मित्राने "यांना काम नको, पेन्शन मात्र पाहिजे" असे एकच वाक्य टाकले. पुढे काय होणार याचा अंदाज कोणालाही आला असता, आणि पहिला तासभर तसेच झाले.

त्यानंतर एका शिक्षक मित्राने शांतपणे लिहिले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्याला जुनी पेन्शन नाही. त्याच्याच शाळेत शेजारच्या वर्गावर शिकवणारे गुरुजी त्या तारखेच्या आधी लागले, म्हणून त्यांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता मिळणार. हा मात्र दरमहा पगाराच्या १० टक्के भरणार, सरकार आपला वाटा घालणार, तो पैसा बाजारात गुंतवला जाणार आणि निवृत्तीनंतर हातात किती येणार हे आज कोणीही सांगू शकणार नाही. चाकणच्या मित्राने त्यावर आपला हिशोब मांडला. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतील किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, आणि ती २०१४ पासून तेवढीच आहे. शेती करणाऱ्या मित्राचा राग वेगळाच होता. त्याच आठवड्यात अवकाळी पावसाने पीक झोडपले होते आणि पंचनामा करायला येणारे कर्मचारी संपावर होते. केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये, आणि राज्याने नुकत्याच मांडलेल्या अर्थसंकल्पात जाहीर केलेले आणखी ६,००० रुपये, हे त्याच्या म्हातारपणाचे सगळे संचित आहे, असे त्याने लिहिले. अंगणवाडी सेविका मैत्रीण दुपारी उशिरा आली आणि तिने दोनच ओळी टाकल्या: "तुमचं भांडण पगारवाल्यांचं आहे. आम्हाला मानधन असतं, पगार नाही. आमचं कधी काढणार?"

या चर्चेत कोणी आपली बाजू सोडली नाही. संध्याकाळपर्यंत मूळ प्रश्न मात्र बदलला होता. सरकारी माणूस कामचुकार आहे की नाही हा वाद मागे पडून पैसा कोठून येणार, आणि म्हातारपणाची सोय एका वर्गालाच का, यावर बोलणे चालू झाले होते. वाहिन्यांवरच्या चर्चांत शेतकरी, शिक्षक, कामगार आणि अंगणवाडी सेविका असे चौघे एकमेकांना थेट उत्तर देत आहेत, असे मी कधी पाहिलेले नाही. प्रतिनिधी येतात, त्यांचे प्रवक्ते येतात. इथे चौघेही एकाच बाकावर बसून शिकलेले होते आणि एकमेकांना "अरे" म्हणत होते, म्हणूनच "कामचुकार" हा शब्द टिकू शकला नाही.

लिहिणारे त्या दिवशी आठ-दहाच होते. राजकीय चर्चेवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप हाच, की तेच चारजण भांडतात आणि बाकीच्यांना त्रास होतो. व्हॉट्सॲपमध्ये आपण टाकलेला संदेश दाबून धरून त्याची माहिती उघडली की तो कोणाकोणापर्यंत पोहोचला आणि कोणी वाचला याची यादी दिसते. वैयक्तिक संवादात निळ्या खुणा बंद करता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत. शिक्षक मित्राच्या त्या संदेशाची यादी त्याने नंतर मला दाखवली, तेव्हा एरवी अंगठासुद्धा न दाखवणारी बरीच नावे वाचणाऱ्यांत होती. राजकीय चर्चेचे मोल ठरवताना या गप्प वाचकांना धरले पाहिजे. बोलणारे सहसा बदलत नाहीत, पण न बोलणाऱ्यांना दोन्ही बाजू ओळखीच्या माणसांच्या तोंडून ऐकायला मिळतात.

आता उणे बाजू. ग्रुपमधील राजकीय चर्चा मतभेदांमुळे बिघडते, असे समजले जाते. माझ्या पाहण्यात ती फॉरवर्डमुळे बिघडते. कोणीतरी तयार करून पाठवलेला लांबलचक मजकूर पुढे ढकलणाऱ्याला त्यातले एकही वाक्य स्वतःचे म्हणून सांभाळावे लागत नाही. त्याला प्रश्न विचारला की "मला आलं म्हणून टाकलं" हे उत्तर तयार असते. त्याचा परिणाम कुठपर्यंत जाऊ शकतो, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरते आहे या मोबाईलवरून पसरलेल्या अफवेमुळे, मंगळवेढा भागातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. देशात त्या काळात अशा अनेक घटना घडल्या, आणि त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पुढे २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून, जो मजकूर अनेक हातांतून फिरून आला आहे आणि ज्यावर दुहेरी बाण दिसतो, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

हा दुहेरी बाण मला या ॲपमधील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो. आमच्या ग्रुपचे ॲडमिन औषधाचे दुकान चालवतात आणि त्यांना लांब भाषणे आवडत नाहीत. त्यांनी राजकारणावर बंदी न घालता एवढाच नियम केला, की राजकीय विषयावर जे लिहायचे ते स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि दुहेरी बाणाचा मजकूर आला तर तो काढला जाईल. ग्रुपमधील कोणाचाही संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय ॲडमिनला २०२२ पासून मिळालेली आहे, त्यामुळे नियम पाळून घेणे शक्य आहे. अर्थात, मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण दिसत नाही, आणि आमच्यातल्या काहींनी ही युक्ती लगेच शोधली. तरीही फरक पडला. दुसऱ्याचे तीनशे शब्द स्वतःचे म्हणून चिकटवले की त्यावर वर्गमित्र प्रश्न विचारतात, आणि ते सहसा परवडत नाही. अलीकडे या यादीत कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या मजकुराची भर पडली आहे. त्याला अजून आमच्याकडे नियम नाही, पण गावातला माणूस "सर्वसमावेशक दृष्टिकोन" असे लिहू लागला की ओळखू येते.

रचनेतील सर्वांत मोठी उणीव म्हणजे या सुविधेला स्मरणशक्ती नाही. सगळे संदेश एकाच ओळीत एकाखाली एक येतात. कोणत्या संदेशाला उत्तर देतो आहोत हे दाखवता येते खरे, पण एका विषयाचा धागा वेगळा ठेवता येत नाही. पेन्शनच्या मध्येच कोणाच्या मुलीला बारावीत चांगले गुण मिळाल्याची बातमी येते, चाळीस अभिनंदने येतात आणि वाद वर कुठेतरी हरवतो. शोधाची सोय आहे, पण ज्या ग्रुपमध्ये कोणी पेन्शन, कोणी पेंशन, तर कोणी रोमन लिपीत हवे तसे लिहितो, तिथे ती निम्मेच शोधते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना, म्हणजे ठरावीक पेन्शनची हमी देणारी योजना, स्वीकारण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये हाच वाद पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू झाला. शिक्षक मित्राला तोच खुलासा पुन्हा टंकावा लागला, आणि दीड वर्षापूर्वी मान्य झालेले मुद्दे कोणाच्याही लक्षात नव्हते.

मतदानाची सोय २०२२ च्या शेवटी आली. सहलीची तारीख ठरवायला ती छान आहे, राजकीय विषयाला निरुपयोगी, कारण कोणी कशाला मत दिले ते नावानिशी सर्वांना दिसते. गुप्त मतदानाची सवय असलेल्या समाजात अशा मतदानाला कोणी बोट लावत नाही.

ॲडमिनच्या भीतीबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण बंदीचा नियम बहुतेक ठिकाणी तिच्यातून आलेला असतो. कोणी काही लिहिले तर पोलीस ॲडमिनला उचलतील, हा समज सोसायट्यांत फार पक्का आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले, की ॲडमिनचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी दोषी ठरत नाही. हा निकाल सोसायट्यांपर्यंत पोहोचलेला दिसत नाही. मी राहतो त्या सोसायटीचा ग्रुप विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागताच १५ ऑक्टोबर २०२४ पासून "फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात" या स्थितीत ठेवला गेला आणि २३ नोव्हेंबरच्या निकालानंतरच उघडला. वास्तविक आचारसंहिता मुख्यतः पक्ष, उमेदवार आणि सरकारी यंत्रणेसाठी असते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला आमदाराच्या कामाबद्दल प्रश्न विचारू नये, असे ती म्हणत नाही. पाण्याचा टँकर, रस्त्याचे काँक्रीट आणि कचरा या विषयांवर मते मागितली जात असताना, त्याच विषयांनी ज्यांचा दिवस सुरू होतो, त्या दोनशे घरांना महिनाभराहून अधिक काळ आपसात बोलण्याची जागा नव्हती. याचा दोष ॲपला देता येत नाही, पण एका कळीने सर्वांना गप्प करण्याची सोय इतकी सोपी ठेवली की ती वापरली जाणारच.

कोणत्या ग्रुपला ही शिफारस लागू नाही, हेही सांगतो. ग्रुपची सदस्यमर्यादा आता १,०२४ आहे. पण शंभरच्या वर गेलेल्या ग्रुपमध्ये लोक एकमेकांना ओळखत नाहीत आणि मग ती सभा होते, चर्चा राहत नाही. पक्षांचे प्रभागनिहाय ग्रुप हे सूचनाफलक आहेत. त्यांत वेगळे मत मांडणाऱ्याला बाहेर काढण्यासाठी कारण लागत नाही. कुटुंबाच्या ग्रुपबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. तिथे ओळख सर्वांत जुनी असते, पण वयाचा मान आडवा येतो. काकांनी टाकलेली माहिती चुकीची आहे असे पुतण्याने सर्वांसमोर लिहिले, की विषय बाजूला पडून पुतण्याच्या वागण्याची चर्चा सुरू होते. आमच्याकडे यावर सुनेने एक मार्ग काढला. ती ग्रुपमध्ये काहीच लिहीत नाही. काकांना स्वतंत्रपणे आवाजी संदेश पाठवते, "काका, जेवण झालं का" इथून सुरुवात करते आणि तिसऱ्या मिनिटाला मुद्द्यावर येते. काका तो संदेश दुप्पट वेगाने ऐकतात, असे तिचे म्हणणे आहे, पण त्यांनी अलीकडे दोनदा आपणहून मजकूर मागे घेतला आहे.